रिकामी ओळ

गद्रे मॅडमनी पहिल्या दिवशी पट्टी काढून दिली.
लाकडी. सेंटिमीटर घासून टाकलेले,
त्यांच्या जागी शाईनं आखलेली घरं, एक ते ऐंशी.
"सातव्या घरात तारा, म्हणजे शेरा.
आठव्यापासून मोठी माणसं, बाराव्यापासून कामकरी.
बहात्तराच्या पुढे काय वाटेल ते लिही,
कुणी वाचत नाही."
बिबवेवाडी, तिसरा मजला.
खाली कुणाची तरी रिक्षा चालू होता होता राहत होती.

आमच्या पतसंस्थेतलं व्याज अजून कोबोलच काढतो.
सत्त्याऐंशी साली मॅडमनी लिहिलेला प्रोग्राम,
चार चेअरमन आणि एक चौकशी समिती पचवून
अजून पैशाला पैसा जुळवणारा.
संचालकांना तो आता वेबवर हवा होता.
बाणेरची कंपनी म्हणाली, सगळं नव्यानं लिहू,
आणि आकडा सांगितला, तेव्हा
खजिनदार वाघोलीकरांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

"नव्यानं कशाला?" मॅडम म्हणाल्या.
"त्याला फक्त दारात येऊन बोलायला शिकव."

म्हणजे असं:
कुणी पत्ता टाकला की सर्व्हर त्याला उठवतो.
तो प्रश्नचिन्हानंतरचं वाचतो,
उत्तर छापतो
आणि मरतो.
पुढच्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून जन्म,
मागचं काही आठवत नाही.
मला ते जरा क्रूर वाटलं. मॅडमना नाही.
"काउंटरवर असाच माणूस हवा.
आधीच्याशी झालेलं भांडण पुढच्यावर न काढणारा."

चाचणीला मी आईचं नाव भरलं: नरसाबाई.
पलीकडे पोचले नुसते टक्के.
टक्का ई शून्य, टक्का ए चार,
सात वेळा तेच दोन उंबरे
आणि प्रत्येकामागे एकेक अक्षर दडलेलं.
व्याजाच्या प्रोग्रामला टक्के नवे नव्हते,
पण माझी आई किती टक्के, ते त्याला कसं कळावं?
तो आठवडा तिला परत जुळवण्यात गेला.

मग पाचशे.
पडद्यावर दुसरं काही नाही, फक्त अंतर्गत बिघाड, पाचशे.
आधी मथळा छापायचा, मग एक रिकामी ओळ, मग पान.
मथळा होता.
रिकामी ओळ होती, मला दिसत होती.
दोन रात्री दिसत होती.
मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टी पडद्याला लावली.
"इथे काय आहे?"
"काही नाही."
"अवतरणचिन्हात एक जागा सोडलीयस.
जागा सोडलीस म्हणजे काहीतरी लिहिलंसच की.
सर्व्हरला खरंच रिकामं लागतं."
ती जागा काढली, नुसती नवी ओळ दिली,
आणि आई आली,
अठरा हजार चारशे बारा रुपये साठ पैसे.
वाघोलीकर म्हणाले, जरा रंग टाका.

शेवटी जुना मजकूर नव्या फाइलीत घ्यायचा होता.
खाली जात जात चक्रवाढीच्या परिच्छेदापाशी आलो.
उजवीकडे, बहात्तराच्या पुढे,
इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आठ घरांत मावेल एवढंच:
ताप १०२.
त्याखाली बारा ओळी सोडून, ताप १०३.
मग पावडर संपली.
मग महिन्यांचं भागाकाराचं गणित, अगदी बरोबर,
आणि त्याच्या कडेला, ताप १०१.
परिच्छेद जिथे संपतो त्या पूर्णविरामाशेजारी
झोपली.

मॅडम आत चहा टाकत होत्या.
भिंतीवर कुणा मुलीचा फोटो नाही, आहे तो कॅलेंडरचा खिळा,
मी कधी विचारलं नाही.
कंपायलर ही घरं बघत नाही. पुसली असती तरी
व्याजात एका पैशाचा फरक पडला नसता.
बाकी सगळ्या ओळी उतरवून झाल्या होत्या.
ताप उतरवावा की नाही, ते ठरेना.

उतरवला.
त्याच घरांत, जसाच्या तसा.
चहात साखर जास्त झाली होती, तरी प्यायलो.